फुग्यातली ऊर्जा नेमकी कशात असते?

फुगवलेल्या फुग्यात ऊर्जा असते याबद्दल दुमत नाही. पण ती नेमकी कशात असते असे विचारले, की बहुतेकांचे लक्ष आत कोंडलेल्या हवेकडे जाते. थोडा हिशेब मांडला तर या ऊर्जेत हवेचा वाटा नगण्य निघतो, आणि माझ्या मते विषयातली खरी गंमत त्यानंतरच सुरू होते.

न फुगवलेला, २.५ सेंटिमीटर त्रिज्येचा आणि पाव मिलिमीटर जाडीचा गोल फुगा घेऊ आणि त्याची त्रिज्या पाचपट होईपर्यंत तो फुगवू. आता त्यात सुमारे ८ लिटर हवा आहे आणि तिचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी जास्त आहे. इतक्या कमी दाबलेल्या हवेकडून फार तर ०.२ ज्यूल कार्य मिळू शकते. भोवतीचे रबर मात्र दोन्ही दिशांनी पाचपट ताणले गेल्यामुळे मूळ जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याइतके पातळ झालेले असते, आणि रबराच्या नेहमीच्या ताठरपणावरून काढले तर त्या पापुद्र्यात १५ ते २० ज्यूल निघतात. आकडे ढोबळ आहेत, पण तफावत जवळजवळ शंभरपटीची आहे.

फुगवताना पहिल्याच फुंकरीला गाल दुखतात आणि मग फुगा एकदम सैल पडल्यासारखा वाढतो, हा सर्वांचा अनुभव आहे. रबराच्या साध्या गणिती प्रारूपानुसार त्रिज्या मूळच्या सुमारे १.३८ पट होते तेव्हा दाब कमाल असतो. त्यापुढे वाढती त्रिज्या आणि पातळ होत जाणारे रबर यांमुळे तो उतरतो, आणि अगदी शेवटी रबर ताठ होऊ लागले की पुन्हा चढतो. म्हणूनच एक लहान आणि एक मोठा फुगा नळीने जोडले, तर बहुधा लहान फुग्यातली हवा मोठ्यात जाते.

रबर ही ऊर्जा राखते कशी, हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. पोलादी स्प्रिंग ताणली की अणूंमधील बंध ताणले जातात आणि ऊर्जा तिथे साठते. रबराच्या लांबलचक रेणुसाखळ्या एरवी गुंतवळासारख्या वेड्यावाकड्या पसरलेल्या असतात. ताणल्यावर त्या सरळ होऊ लागतात, त्यांच्या संभाव्य रचनांची संख्या घटते, म्हणजेच एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) कमी होते. आपण केलेल्या कार्याचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो, आणि रबर आकसताना तितकी उष्णता पुन्हा भोवतालातून घेऊन कार्य करते. म्हणून फुग्याची ‘साठवलेली’ ऊर्जा बव्हंशी सुव्यवस्थेच्या रूपात असते, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

हे ओठांनी तपासता येते. न फुगवलेला फुगा वरच्या ओठाला लावून झटकन ताणावा, तो कोमट लागतो. ताणलेलाच थोडा वेळ धरून, निवल्यावर एकदम सैल सोडावा, तो गार लागतो. इंग्लंडमधील जॉन गफ या अंध निसर्ग-अभ्यासकाने हेच निरीक्षण १८०५ मध्ये प्रसिद्ध केले आणि तापवल्यावर वजन लटकवलेले रबर लांबण्याऐवजी आखडते, हेही नोंदवले. जेम्स ज्यूल यांनी १८५९ मध्ये त्याची काटेकोर मोजमापे मांडली. त्यांच्याच नावाच्या एककात आपण वर फुग्याचा हिशेब केला.

फुगा फुटताना ही ऊर्जा कशी मोकळी होते, याचा पॅरिसमधील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताण कमी असताना टाचणी टोचली तर एकच चीर पडून फुग्याचे मोठे तुकडे होतात. ताण जास्त असेल तर ऊर्जा मोकळी करायला लागेल तितक्या वेगाने धावणे एका चिरेला शक्य नसते, कारण रबरातून ताणाची लाट ज्या वेगाने जाते त्याची मर्यादा तिलाही लागू होते. मग ती वारंवार दुभंगते आणि फुग्याच्या अनेक अरुंद पट्ट्या होतात.