पोचवायला जातो

परवा दुपारी चण्याचं बियाणं काढायला माळ्यावर चढलो तर ज्या बॅगेत ते भरून ठेवलं होतं तिच्या हँडलला विमानाचा तो लांब कागदी पट्टा अजून चिकटलेला. पांढरा, बारकोडवाला, वरचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. बॅग चुलतभावाची, तो दोहाला असतो, चाक तुटलं म्हणून इथंच टाकून गेला, आणि आमच्याकडं टाकून गेलेली कोणतीही बॅग शेवटी बियाण्याचीच होते. मी कात्री मागितली तर खालून बायको म्हणते, "राहू द्या नं, तुमचं काय खाऊन राहिला तो पट्टा?" तेही खरंच. गावात अशा पट्टेवाल्या बॅगा दोन-चार घरी आहेत आणि बाहेरगावच्या लग्नाला निघाले की लोक बरोबर तीच बॅग काढतात.

आता गंमत अशी की मी विमानात कधी बसलो नाही. एअरपोर्टवर मात्र सारखा असतो. कारण सात सीटची गाडी. गावातलं कोणी बाहेरदेशी निघालं की तिकीट हाती यायच्या आधी मला निरोप येतो, भाऊ अमुक तारखेले कुठं जाऊ नका. डिझेल टाकून देतो म्हणतात आणि टाकतातही, त्याबद्दल तक्रार नाही. तर माझं एअरपोर्ट म्हणजे सगळं बाहेरचं. रस्ता, कमान, पार्किंग, चहा, ट्रॉल्या, शिट्टी मारणारा पोलीस आणि शेवटी ते काचेचं दार. दाराच्या पलीकडचं मला व्हिडिओ कॉलवर जेवढं दिसलं तेवढंच माहीत.

पण नियम विचारा, सगळे पाठ. बॅग भरायचा कार्यक्रम जाण्याच्या आदल्या दिवशी होतो आणि वजन आमच्या काट्यावरच होतं, म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायांचा कापूस ज्याच्यावर मोजतो तोच लटकता काटा. आड्याला दोर बांधायचा, आकडा बॅगेच्या पट्ट्यात अडकवायचा, बॅग उचलून हळूच सोडायची, काटा खालीवर हलत राहतो आणि सगळे श्वास धरून त्याच्याकडं पाहतात. तिकिटावर तीस लिहिलेले असतात, काटा तेहतीसवर थांबतो. मग उकरणं सुरू. कुरडया काढा, नको पापड काढा, हळद राहू द्या, तिखट तर पाहिजेच, तिथलं तिखट तिखट नसते. काढलेली वस्तू मागच्या दारानं परत बॅगेत जाते हे सगळ्यांना माहीत असतं.

एकदा मोठ्या आईनं अख्ख्या खोबऱ्याच्या वाट्या दिल्या होत्या, चांगल्या सुकवलेल्या. मी म्हटलं, मोठी आई, हे चालत नाही. २०२२ पासून सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत बंद आहे, तेलकट असतं, पेट घेऊ शकतं म्हणून. तिनं माझ्याकडं असं पाहिलं.

"खोबऱ्यानं इमान पेटते?"

"नियम आहे."

"अन् ते पेटीत बॅटरी घेऊन चालला ते?"

ती पॉवर बँक. तर पॉवर बँक बॅगेत नाही, हातातच ठेवायची, आणि लोणचं हातात नाही, बॅगेतच टाकायचं, कारण हातातल्या सामानात शंभर मिलीच्या वर पातळ चालत नाही आणि लोणच्याच्या तेलाचा हिशेब त्यात धरतात. एवढं सगळं सांगून झालं तरी खोबरं किसून, भाजून, चटणीत घालून गेलंच. त्याला मी काही बोललो नाही.

आखाती विमानं नागपूरहून रात्री-पहाटेच निघतात, दोहाचं काय नि शारजाचं काय. म्हणजे आम्ही संध्याकाळी दिवाबत्तीला निघणार, कारण घरातल्या मोठ्यांचा हिशेब एकच, विमान चुकलं तर? तीन तास आधी पोचायला सांगितलं असेल तर हे सहा तास आधी पोचवतात. पहिले धामणगाव, पुलगाव, देवळी, वर्धा, बुटीबोरी असं जायचो. रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवा यायचा, एकदम मधात उभा राहून लाईटकडं पाहत राहायचा, हॉर्न दिला तरी हलत नाही. बुटीबोरीला चहा. गाडीत गप्पा चालू, कोणाच्या पोट्टीचं जमलं, कोणी वावर विकलं. आता नांदगावजवळ समृद्धीवर चढतो. नागपूर ते शिर्डी रस्ता डिसेंबर २०२२ मध्ये उघडला तेव्हा आम्ही मुद्दाम पाहायला गेलो होतो, आता तर मुंबईकडं पार आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर सलग झाला. छान आहे, वेळ वाचतो, रोही कुंपणाच्या पलीकडं. पण त्या रस्त्यावर गाडीत कोणी बोलत नाही हो. सरळ, काळा, एकसारखा, पंधरा मिनिटात मागचे सगळे झोपतात आणि जाणारा एकटा जागा, खिडकीला डोकं टेकवून. त्याला काय बोलावं ते मला सुचत नाही. मी एसी कमी-जास्त करतो.

आमच्या लहानपणी पोचवायचं म्हणजे फाट्यापर्यंत. आत्या दिवाळी करून निघाली की दमणी जुंपायची, ट्रंक, पिशव्या, आत्या, तिची दोन पोरं, आजी आणि आम्ही बाकीचे दमणीच्या मागून पायी. फाट्यावर बाभळीखाली बसायचं. एसटीचा टाईम एक, येण्याचा टाईम दुसरा. बाबा दर पाच मिनिटांनी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात कपाळाला लावून पाहायचे. आणि लाल गाडी दिसली की सगळी धांदल एकदम, ती कधीच आमच्यासमोर थांबायची नाही, पन्नास पावलं पुढं जाऊन थांबायची, मग ट्रंक डोक्यावर घेऊन पळा. आत्या तोवर गळ्यात पडून रडायला लागलेली असायची आणि कंडक्टर ओरडायचा, बाई आत बसून रडा. डबल बेल. आणि आता गाडी हलली असताना आजी खिडकीशी धावायची, पदराची गाठ दातानं सोडवत, आणि आत्याच्या लहान्या पोराच्या मुठीत चुरगळलेली नोट कोंबायची. कोंबायचीच. मूठ वरून दाबून धरायची, गाडीबरोबर चार पावलं चालायची आणि मग सोडायची. आत्या आतून म्हणायची नको नको आई, पण पोरगं मूठ उघडायचं नाही. धुरळा बसेपर्यंत आम्ही तिथंच.

एअरपोर्टवर ही सोयच नाही. ड्रॉपच्या लेनमध्ये गाडी लावली की शिट्टी, उतरा, सामान काढा, पुढं घ्या. दाराशी सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो, चेहरा पाहतो, आत सोडतो. पूर्वी एअरपोर्टवर पाहुण्यांना आत जायचं वेगळं तिकीट मिळायचं, तेही २६ जानेवारी, १५ ऑगस्ट जवळ आला की बंद. आता विषयच नको. चुलतभाऊ पहिल्यांदा गेला तेव्हा मोठी आई रेलिंगपाशी उभी होती, तो रांगेत, मधात दोन ट्रॉल्या, आणि हिनं ब्लाउजातून पाचशेची नोट काढून हात लांब केला. तो लाजला. "अवं आई, हे तिथं चालत नाही."

"येतानी चहा घेजो."

जवान म्हणाला, माताजी, आगे बढ़ने दीजिए. पण त्यानं नोट हातोहात पुढं दिली. कुठला होता कोण जाणे, बोलण्यावरून बिहारकडचा वाटला.

मग आत गेलेला माणूस काचेतून थोडा वेळ दिसतो, बॅग मशीनवर टाकताना, वळून हात करताना, आणि मग दुसरेच लोक दिसायला लागतात. पण आम्ही हलत नाही. विमान उडेपर्यंत पार्किंगमध्ये. कारण काही नाही, उगीच. फोन येतो, बसलो, फोन येतो, आता बंद करतो, मग आवाज येतो आणि लाल-हिरवा लाईट वर चढतो, ते विमान त्याचंच की दुसरं कोणाचं हे आम्हाला कळत नाही, आम्ही हात करतो.

अशा रात्री पार्किंगमध्ये बसलं की मला ते टपालाचं आठवतं. २००५ पासून एअरपोर्टला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे, पण म्हातारी माणसं अजून सोनेगावच म्हणतात, आणि याच सोनेगावात १९४९ पासून पुढं बरीच वर्षं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी बाजूंची टपालाची विमानं रोज मध्यरात्री उतरायची. थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. देशाच्या मधात असण्याचा नागपूरला झालेला हा सगळ्यात सुंदर उपयोग, असं माझं मत. झिरो माईलच्या दगडापेक्षा तर नक्कीच. कोणाच्या तरी आईचं पत्र इथं अर्धी रात्र थांबून विमान बदलत होतं.

सकाळी मग शहरात जाऊन तर्री पोहे. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, ३.१४ किलोमीटर, गिनीजमध्ये नाव आहे त्याचं. एअरपोर्टचं स्टेशनही आहे मेट्रोला, पण आमच्या टायमाला मेट्रो झोपलेली आणि तीस किलोची बॅग जागी.

एक खोड मात्र मला आहे. पोचवायला मी कधीही जाईन, आणायला जायचं म्हटलं की अंगावर येतं. लोकांचं उलट असतं, माहीत आहे. पण पाहा तुम्ही, जाणारा माणूस फार चांगला असतो. निघताना फाट्यापाशी गाडी थांबवायला लावतो, खाली उतरतो, पऱ्हाटीत चार पावलं जातो, बोंडं हातात घेऊन पाहतो, अळी आहे का विचारतो, ज्यानं दहावीनंतर वावरात पाय टाकला नाही तो. भावाशी अबोला असेल तर तोही त्या दिवशी मिटतो. आणि तोच माणूस दोन वर्षांनी बाहेर येतो तेव्हा आधी नेटवर्क शोधतो. मग रस्ता अजून असाच का, मग इथं इतकी गर्मी कशी, मग बाटलीबंद पाणी. तिसऱ्या दिवशी येतो ठिकाणावर, पण ते पहिले दोन दिवस आणि गाडीतले ते तास माझ्या वाट्याचे.

मुंबईचं पोचवणं तर वेगळंच. भाच्याला एकदा तिकडून विमान होतं, बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस, दादर, तिथून लोकलमध्ये दोन मोठ्या बॅगा घेऊन अंधेरी, आणि लोकलमधले लोक बॅगेकडं असं पाहत होते की ही बॅग त्यांच्याच डोक्यावर ठेवली आहे. मग रिक्षा. २०१४ मध्ये सुरू झालेलं ते टी-टू टर्मिनल, निघण्याचं दार चौथ्या मजल्यावर, वर चढत जाणारा पूल, मोरपिसाच्या नक्षीचे ते खांब. भाचा आत गेला. मी पाचएक मिनिटं उभा राहिलो, तेवढ्यात मागून गाड्या, गाड्या, गाड्या. तिथं विमान दर मिनिट-दोन मिनिटाला उडतं, कोणाकोणाला हात करणार? आता तिथं जमिनीखालून मेट्रो आली म्हणे, ऑक्टोबर २०२४ पासून, म्हणजे दादर-अंधेरीची ती कुस्ती वाचली असेल लोकांची.

आणि इकडं आमच्या अमरावतीला, बेलोऱ्यात, १६ एप्रिल २०२५ ला विमान उतरलं की हो. मुंबईचं, पंख्याचं, सत्तर-बाहत्तर सीटचं. यवतमाळ रोडवरच, एसटीनं जाता-येता ज्याची पाटी पाहत आम्ही म्हातारे होत होतो तेच. तेव्हापासून बायकोनं धरलंय की एकदा बसू.

"मुंबईत करायचं काय?"

"काही नाही. उतरायचं, अन् परत बसायचं."

"अन् आपल्याले पोचवाले कोण येईन?"

"गाडी तिथंच ठेवू नं, पार्किंगमधी."

हे काही मला पटत नाही. दाराशी कोणी उभं नाही, कोणी हात करत नाही, आपणच आपली गाडी लावायची आणि निघून जायचं, म्हणजे गेलो हे कळणार कोणाला? तिला तसं म्हटलं नाही. म्हटलं पाहू, आधी सोयाबीनले भाव तर येऊ दे.