माझा अनुभव: कोव्हॅक्सिनचं संमतीपत्र आणि आमचा स्टाफ

१६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून कोरोनाचं लसीकरण सुरू झालं आणि कोविन या नोंदणीच्या ॲपच्या गोंधळामुळे महाराष्ट्रात लगेच दोन दिवस थांबवावंही लागलं. ते निस्तरलं. आमच्या केंद्रावर खरी गाडी अडली ती संमतीपत्रावर, आणि त्याचा राग मला अजून आहे.

कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी मिळाली ती 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये, म्हणजे चाचणी चालू असतानाच. त्यामुळे कोविशिल्डला नसलेला एक कागद इथे सही करून द्यावा लागे. त्यात सरळ लिहिलेलं होतं: परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे, तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू आहे, लसीमुळेच गंभीर त्रास झाल्याचं ठरलं तर कंपनी भरपाई देईल. सोबत सात दिवस ताप, दुखणं, लाली नोंदवायचा तक्ता. लस निवडायची सोय नव्हती, केंद्रावर येईल ती घ्यायची. आयसीयूच्या सिस्टर विचारायच्या, "सर, पेशंटला सही नाकारायचा हक्क आहे हे आम्हीच सांगतो ना? मग आम्ही थांबलो तर घाबरट कशा?" वरून उत्तर काय, तर लसीकरणाची टक्केवारी वाढवा. कागद नीट वाचणं हे ज्यांचं कामच आहे, त्यांना 'गैरसमज आहेत' म्हणून मोकळं होणं मला आजही पटत नाही.

उपयोग झाला तो सत्राच्या आदल्या दिवशी ड्युटी बदलताना तोच कागद ओळीओळीने वाचून दाखवण्याचा. माहीत आहे ते सांगायचं: विषाणू निष्क्रिय केलेला आहे, चाचणीत २५,८०० स्वयंसेवक आहेत. संरक्षण किती टक्के मिळेल हे अजून कळलेलं नाही, हेही त्याच दमात सांगायचं. 'काही होत नाही' असं चुकूनही म्हणू नये; रात्री एकीला ताप आला की सकाळी अख्खा वॉर्ड नाही म्हणतो. म्हणूनच एका वॉर्डचा सगळा स्टाफ एकाच दिवशी बोलावू नका.

गरोदर आणि स्तनदा सिस्टरना तेव्हाच्या नियमात लस नव्हतीच. त्यांना 'नकार' या रकान्यात टाकू नका. कंत्राटी मावशी-मामांची नावं ठेकेदाराकडून आधीच मागवा, नाहीतर ते यादीतच नसतात.

सुरुवातीच्या कुपीत २० डोस होते आणि उघडल्यावर चार तासांत संपवायचे. माणसं जमल्याशिवाय कुपी फोडू नका. दुपारी यादीतल्यांना स्वतः फोन करा. टोचल्यानंतर निरीक्षणाची ३० मिनिटं आणि गंभीर ॲलर्जी आली तर लागणारं अ‍ॅड्रेनॅलिनचं किट मात्र गर्दी नसली तरी सोडायचं नाही.

मनाविरुद्ध टोचून घेतलेली सिस्टर ओपीडीत कुणालाही 'घ्या' म्हणत नाही. म्हणून सक्ती नको, नावांची यादी भिंतीवर नको. कुणी नाही म्हटलं तर त्याचं कारण वहीत लिहा. ३ मार्चला ८१ टक्के परिणामकारकतेचा अंतरिम निष्कर्ष आला, ११ मार्चला ट्रायलची अट गेली. तेव्हा आधी कुणाला फोन करायचा हे आम्हाला त्या वहीनेच सांगितलं.