धूळ लहान होत नाही

निसान स्कायलाइन जीटी-आरची आर३४ ही पिढी खऱ्या रस्त्यावर ४,६०० मिमी लांब. तिचं १:२४चं, घरी जोडून रंगवायचं प्लास्टिकचं मॉडेल भरतं १९२ मिमी. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेमतेम मावेल एवढं. शिझुओकाच्या तामियासारखे जपानी किटवाले चाकं, आरसे, डॅशबोर्डवरची बटणं सगळं इमानेइतबारे चोवीसने भागून डब्यात घालतात. भागायच्या राहतात त्या तीन गोष्टी: रंगाचा थर, धूळ आणि आपलं बोट. मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा या तिघांपायी.

रंगाचंच घ्या. खऱ्या गाडीवरचा रंग सगळे थर मिळून साधारण ०.१ मिमी. तेवढाच मॉडेलवर चढला तर त्या मापात तो २.४ मिमी होतो, गाडी पाकात बुडवून काढल्यासारखी. दाराभोवतीची ४ मिमीची फट इथे ०.१७ मिमी उरते, ती प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक हात) मिळून सहज बुजवतात. म्हणून रंगाआधी स्क्राइबरने, म्हणजे रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने, प्रत्येक फट खोल करून घ्यायची, पाच-सहा हलक्या ओढींत. एका दमात खोल जायला गेलं की हत्यार घसरतं आणि थेट दारावर ओरखडा. काम कंटाळवाणं खरं, पण ते टाळलेलं मॉडेल लांबून ओळखू येतं: त्याची दारं रंगवलेली वाटतात, उघडणारी नाही.

चमकीचंही तेच. खऱ्या गाडीच्या टच-अपचा मेटॅलिक रंग मॉडेलवर मारला की त्यातला प्रत्येक कण चोवीसपट मोठा दिसतो आणि स्कायलाइनचं गणपतीचं मखर होतं. मॉडेलसाठीच्या रंगात कण बारीक दळलेले असतात, पैसे त्याचेच.

रंगाआधीची तयारी थोडक्यात. बॉडी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायची, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग तिथून मागे सरतो. मडगार्डवर आणि खिडक्यांच्या खांबांवर साच्याची शिवण असते. ती ब्लेडच्या पाठीने खरवडून ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने मिटवायची. प्लास्टिक लाल असेल आणि गाडी पांढरी हवी असेल, तर आधी करड्या प्रायमरचा पडदा घाला, नाहीतर लाली वर झिरपते आणि गाडी गुलाबी होते.

स्प्रेचा डबा हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की दाब वाढतो आणि फवारा बारीक होतो. गरम पाणी नको, डबा फुटेल. अंतर १५ ते २० सेंमी. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. पहिला हात नुसता धुक्यासारखा, त्यातही आधी कडा, कारण ओला रंग धारदार कडेवरून मागे ओढला जातो. मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन हात, शेवटचा ओला. लांबून मारलं तर थेंब वाटेतच सुकून संत्र्याची साल उमटते. जवळून मारलं तर ओघळ.

कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर लॅकर, म्हणजे थिनर उडून सुकणारा रंग, मारूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतला दमटपणा त्यावर उतरतो आणि काळी गाडी राखाडी होते. झालंच तर कोरड्या दिवशी रिटार्डर थिनरचा (सावकाश उडणाऱ्या थिनरचा) अगदी हलका फवारा मारला की धुरकटपणा बहुधा विरघळतो. (परदेशातून येणारा भाचा किट आणू शकतो, रंगाचा स्प्रे मात्र विमानात चालत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवावं.)

आता धूळ. खोलीत फरशीवर पाणी शिंपडा, पंखा बंद, खिडकी उघडी, तोंडावर कार्ट्रिजचा मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही. रंग मारताच बॉडीवर फरसाणाचा मोठा डबा उपडा घाला. तरी एक कण बसतोच, तोही बरोबर बॉनेटच्या मध्यावर. तो ओल्यात चिमट्याने काढू नये, खड्डा पडतो. सुकू द्या, २००० नंबरच्या ओल्या पेपरने घासा, वर क्लिअर मारा. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रं) लावलेले असतील तर क्लिअरचे पहिले दोन हात कोरडेच ठेवा, कारण ओलं लॅकर डिकल सुरकुतवतं.

राहिलं बोट. लॅकर अर्ध्या तासात सुकल्यासारखं भासतं, पण आतून मऊच असतं. बॉडीला नाक लावावं. थिनरचा वास येतोय तोवर हात लावायचा नाही. बॉडी रिकाम्या बाटलीवर उलट्या टेपने बसवून ठेवली की उचलायला बाटली मिळते. तेवढ्या दोन-तीन दिवसांत चासी आणि सीटं उरकतात.

काचा सुपरग्लूने चिकटवू नयेत, त्याच्या वाफेने त्या धुरकटतात. पांढरा फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकाने लावा, सुकून पारदर्शक होतो. बाहेरचे आरसेही सगळ्यात शेवटी त्यानेच. कुणाच्या ना कुणाच्या बाहीत ते अडकतातच. फेव्हिकॉलचा जोड असेल तर आरसा तेवढा सुटून येतो, दाराचा रंग सोबत येत नाही.