कंपाउंडरची वही

आमच्या राळेगाव तालुक्यात पेशंट डॉक्टरसमोर तक्रार करत नाही, बाहेर कंपाउंडरपाशी कुरकुरतो. म्हणून मी वही त्यालाच दिली. नाव नको, बोलणं जसंच्या तसं लिही.

"या बारीले दुसरीच गोयी देल्ली जी." हे वाक्य तिच्यात वारंवार येतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कंपनी बदलली की गोळीचा रंग, आकार बदलतो. मग घरातली जुनी आणि ही नवी, दोन्ही पोटात जातात. शुगरची असली तर घाम, चक्कर. संधिवाताची मेथोट्रेक्सेट तर आठवड्यातून एकदाच घ्यायची; रोज घेतली तर जिवावर बेतते. आता तिच्या पाकिटावर मी बाजाराचा वार लिहितो. तो कुणी विसरत नाही.

'गुण येत नाही' या तक्रारींचं काय करावं, ते मात्र उमगलेलं नाही. अर्ध्याअधिक सलाईन न लावल्याच्या असतात.