डाग कसला आहे ते आधी ओळखा

नळावरचा पांढरा थर घासून घासून हात दुखतो आणि थर मात्र जिथल्या तिथे. जोर कमी पडलेला नसतो, हातातली बाटली चुकीची असते. बाथरूममधली घाण मुख्यतः तीन प्रकारची: पाण्यातला क्षार, साबणाचा राप आणि बुरशी. तिघांवर एकच औषध चालत नाही.

क्षार म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आम्ल लागतं, पण सौम्य. पांढरं व्हिनेगर पुरतं, नाहीतर लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड. फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा, १५-२० मिनिटांनी काढा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसा. रात्रभर गुंडाळून ठेवायचा मोह टाळा. आम्ल जास्त वेळ राहिलं तर क्रोमचा मुलामा धुरकट होतो आणि ती चकाकी परत येत नाही. काळ्या मॅट किंवा सोनेरी नळांना तर आम्ल लावूच नका, सौम्य साबणाचं पाणी बस्स. संगमरवराचंही तेच. त्यावर व्हिनेगर फसफसतं ते डाग निघतोय म्हणून नव्हे, दगडच विरघळतोय म्हणून.

नळाची धार वाकडी किंवा बारीक झाली की आधी तोंडाची जाळी बघा. बेसिनच्या भोकावर फडकं टाका, म्हणजे सुटा भाग आत जाणार नाही. जाळी खालून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. हाताने सुटली नाही तर पकडीच्या दातांखाली कापड घ्या, नाहीतर ओरखडे ठरलेले. आतले भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा. वाळू झटकून जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. बसवताना रबरी वॉशर विसरला की आट्यांतून पाणी झिरपतं. शॉवरच्या रबरी टोकांचा क्षार तर बोटाने चोळूनही सुटतो.

साबणाचा राप वेगळा. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण यांचं मिळून न विरघळणारं संयुग तयार होतं, म्हणून नुसत्या पाण्याने तो हलत नाही. भांडी घासायचं द्रव आणि गरम पाणी लावून दहा मिनिटं थांबा, मग मऊ स्पंजने घासा. काचेवर किंवा टाइलवर राप जुना असेल तर आधी व्हिनेगर, मग धुऊन हे द्रव. अंघोळीनंतर काचेवरून एकदा वायपर फिरवला तर ही वेळच क्वचित येते.

टाइलच्या सांध्यांवर जोरकस ॲसिड ओतणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. सांधा सिमेंटचा असेल तर डागासोबत तोही झिजतो, खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी जास्त मळ धरतो. शिवाय ॲसिडच्या वाफेने जवळच्या स्टीलवर गंजाचे ठिपके येतात. सांध्यांना खायचा सोडा पाण्यात कालवून लावा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेची घासणी नको.

बेसिनभोवतीच्या सिलिकॉनवर काळे ठिपके दिसले की ती बुरशी. टिश्यू पेपरची वात पातळ ब्लीचमध्ये भिजवून त्यावर चिकटवा, दोनेक तासांनी काढून धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ब्लीच आणि कोणतंही आम्ल, व्हिनेगरसुद्धा, एकत्र येऊ देऊ नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. ठिपके तरीही गेले नाहीत तर बुरशी सिलिकॉनच्या आत शिरली आहे. मग घासण्यात अर्थ नाही: पट्टी कापून काढा, जागा पूर्ण वाळू द्या, नवीन सिलिकॉन भरा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका.

कमोडच्या भांड्यात मागच्या बाजूला सतत ओला ओघळ दिसत असेल तर डाग घासायच्या आधी गळती शोधा. टाकीत खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता २० मिनिटं थांबा. रंग भांड्यात उतरला तर तळाचा रबरी वॉशर पाणी सोडतोय. पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा आणि वॉशर व त्याची बैठक पुसा. क्षाराचा एखादा कणही पुरेसा असतो. रबर कडक झालं असेल तर बदला. टाकीत टाकायच्या ब्लीचच्या गोळ्या रबराचं आयुष्य कमी करतात, त्या न वापरलेल्याच बऱ्या.