तुम्ही विचारलंत म्हणून: गाव रिकामं झालंय, हे मोजायचं कसं?

कोकणाबद्दल लिहिणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो: गावं खरंच ओस पडतायत का, आणि आमच्या गावाचं नेमकं किती हे काढता येतं का? काढता येतं. मात्र बंद घरं मोजून नाही.

आधी जिल्ह्याचे आकडे बघू. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ला १६,९६,७७७ होती, २०११ला १६,१५,०६९ झाली. म्हणजे ८१,७०८ ने कमी. सिंधुदुर्गात १९,१७४ ने घटली. यावरून लोक सरळ सांगतात, "दहा वर्षांत ऐंशी हजार माणसं रत्नागिरी सोडून गेली." इथेच हिशेब चुकतो. त्या दहा वर्षांत मुलं जन्मली, माणसं वारली. जन्म मृत्यूंपेक्षा जास्त असतील, तर गेलेल्यांचा आकडा घटीपेक्षा मोठा निघणार.

गावापुरतं उदाहरण घ्या. आकडे मानलेले आहेत. २००१ला १,२४० माणसं. दहा वर्षांत जन्म १५०, मृत्यू ११०. कोणी आलं-गेलं नसतं तर २०११ला १,२८० भरली असती. प्रत्यक्षात १,१०० भरली. घट १४० दिसते, पण स्थलांतराचा फटका १८०चा आहे. तोही निव्वळ: लग्न होऊन आलेल्या सुना आणि सासरी गेलेल्या लेकी त्यात एकमेकींत वजा झालेल्या असतात.

गावाची लोकसंख्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत मिळते: कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, ० ते ६ वयाची मुलं. दोन्ही वर्षांच्या ओळी शेजारी लावण्याआधी गावाची हद्द तीच आहे का ते बघा. एखादी वाडी स्वतंत्र महसुली गाव झाली किंवा शेजारच्या नगरपंचायतीत गेली, की कोणी न हलता निम्मं गाव "स्थलांतरित" होतं.

खरी डोकेदुखी जन्मांची. जन्माची नोंद जिथे बाळंतपण होतं तिथे होते. आता बाळंतपणं तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्यात, त्यात पहिलं बहुधा माहेरी. ग्रामसेवकाच्या रजिस्टरात वर्षाला दोन जन्म दिसले म्हणून गावात दोनच मुलं झाली असं नाही. ते रजिस्टर अंगणवाडीच्या आणि आशाताईंच्या नोंदींशी ताडून बघा, आणि तिथे माहेरपणाला आलेल्या बायकांची मुलं वेगळी काढा. मृत्यूंचं उलटही होतं: मुंबईत आयुष्य काढलेला माणूस शेवटी गावी येतो, आणि गावातली म्हातारी लेकाकडे कांदिवलीत जाते.

मतदारयादीवर विसंबू नका. चाकरमान्याचं नाव गावच्या यादीतून सहसा कोणी काढत नाही, रेशनकार्डावरूनही नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, घरं सांगतो, माणसं नाही. घरपट्टी वेळेवर भरलेलं घर गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर कुलूपबंद असू शकतं.

मोजणी कधी झाली यालाही महत्त्व आहे. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. होळी त्या वर्षी १९ मार्चला होती. म्हणजे शिमग्याची गर्दी सुरू होण्याआधीच काम आटोपलं होतं. गणपतीत मोजलं असतं तर कोकण "वाढलेलं" दिसलं असतं! बीडकडे हाच महिना वेगळा घोळ घालतो: फेब्रुवारीत ऊसतोड ऐन भरात असते. मोजणीचे सगळे दिवस जो कामगार कोपीवरच, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीतच होता, तो नियमाप्रमाणे कारखान्याच्या तालुक्यात मोजला जातो. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुलं.

कोण गेलं हे कळायला मात्र स्त्री-पुरुष प्रमाण सगळ्यात बोलकं. २०११ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, ठाण्यात ८८६. पण रत्नागिरीचा हाच आकडा १९९१ला १,२०५ होता आणि २००१ला १,१३६. लोकसंख्या घटतेय आणि प्रमाणही उतरतंय, याचा माझ्या मते अर्थ असा की पूर्वी एकटा गडी जायचा, आता बायको-मुलांसकट बिऱ्हाड जातं. मनीऑर्डरीवर चालणारं गाव आणि बिऱ्हाड हललेलं गाव यांत फार फरक आहे. दुसऱ्यात आधी पहिलीचा पट तुटतो. म्हणून गावाच्या ओळीत एकूण लोकसंख्येपेक्षा ० ते ६चा रकाना आधी वाचा. तो एकूण घटीपेक्षा वेगाने उतरला असेल, तर तरुण जोडपी गेली असण्याचा संभव मोठा. (जननदर उतरल्यानेही तो उतरतो, म्हणून शेजारच्या चार गावांशी ताडून बघा.)

आणि ही माणसं सगळी मुंबईत गेली असंही समजू नका. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हा ७.५७ टक्क्यांनी घटला, रत्नागिरीपेक्षा जास्त. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. गिरणगावातली खोली विकून डोंबिवली किंवा नालासोपारा गाठणाऱ्यांची भर त्यातच आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे यावेळी हिशेब दहा नाही, सोळा वर्षांचा होईल. २०११ पासूनचे जन्म-मृत्यू आत्तापासूनच वर्षवार उतरवून ठेवा.