खाट सगळ्यात शेवटी

ट्रस्टच्या रुग्णालयाचा इतिहास बहुतेक वेळा खाटांच्या आकड्यांत सांगितला जातो. सुरुवात 10 खाटांनी, मग 50, आता 200. स्मरणिकेत हेच छापतात, कोनशिलेवरही हेच कोरतात. प्रत्येक खाटेमागे सिस्टर, प्राणवायू, निर्जंतुक कपडे-हत्यारं, औषधं आणि दर महिन्याचा पगार उभा करावा लागतो, त्याचा उल्लेख क्वचितच येतो. आपल्याकडच्या जुन्या सेवाभावी रुग्णालयांचा इतिहास पाहिला, तर ही मागची बाजू ज्यांनी आधी बांधली त्यांची वाढ पक्की झाली, असं माझं ठाम मत आहे.

मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडलं आणि थोड्याच वर्षांत तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. त्या काळी हाताशी शिकलेली माणसं नव्हती, म्हणून ती तिथेच घडवली. सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी 1940च्या दशकात स्त्रिया आणि मुलांसाठी जेमतेम 15 खाटांचं कस्तुरबा रुग्णालय सुरू केलं. त्याच रुग्णालयाच्या आधाराने 1969 साली वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. मधल्या पंचवीसएक वर्षांत भोवतालच्या गावांशी जे नातं जुळलं, त्यावर पुढची सगळी वाढ झाली. तिथली ज्वारीची विमा योजना आजही अभ्यासण्यासारखी आहे. सुगीत शेतकऱ्याच्या घरात धान्य असतं, रोख नसते. म्हणून वर्गणी ज्वारीत घ्यायची आणि त्या बदल्यात गावात आरोग्यसेवा व रुग्णालयात सवलत द्यायची. अशा योजनेत गावातली बहुसंख्य घरं आली नाहीत तर ती बुडते. फक्त आजारी घरंच नाव नोंदवतात, वर्गणी थोडी जमते आणि खर्च पूर्ण येतो.

जामखेडची दिशा वेगळी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे काम सुरू केलं. बाहेरून आलेल्या प्रशिक्षित परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरोघरी पोचलं की जुलाबाने सुकलेली मुलं वॉर्डात येणं कमी होतं. गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळाली आणि नाळ स्वच्छ पात्याने कापली गेली की नवजात बाळाचा धनुर्वात टळतो. म्हणजे गावातलं काम नीट झालं तर खाटांची गरजच घटते. या दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णालय मात्र त्यांनी मुद्दाम साधं आणि आटोपशीर ठेवलं.

आता आजच्या 50 खाटांच्या ट्रस्ट रुग्णालयाकडे येऊ. वॉर्ड भरलेला दिसला की विश्वस्तांच्या बैठकीत नव्या मजल्याचा विषय निघतो. त्याआधी एक हिशोब मांडावा. 50 पैकी सरासरी 40 खाटा भरलेल्या असतात आणि रुग्ण सरासरी 5 दिवस राहतो, तर रोज 8 नवे रुग्ण दाखल होतात, महिन्याला 240. तोच मुक्काम 4 दिवसांवर आला तर रोज 10, महिन्याला 300. एकही वीट न रचता 60 रुग्ण वाढले. एवढेच रुग्ण जुन्या मुक्कामाने सामावायचे तर 12-13 खाटा नव्या घालाव्या लागतील.

मुक्काम लांबतो तो बहुधा आजारामुळे नाही. भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतात, म्हणून शुक्रवारी दाखल झालेला हर्नियाचा रुग्ण मंगळवारपर्यंत पडून राहतो. रक्ताचे रिपोर्ट दुपारच्या राउंडनंतर येतात, की निर्णय दुसऱ्या दिवसावर. डिस्चार्जचा कागद सकाळी तयार, पण बिल संध्याकाळी, तोवर गावाकडची शेवटची एसटी गेलेली. हे दुरुस्त करायला देणगीदार लागत नाही. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या ओपीडीतच उरकाव्यात, बिल आदल्या रात्रीपर्यंत लिहून ठेवावं आणि भूलतज्ज्ञांचा तिसरा दिवस ठरवावा. त्या तिसऱ्या दिवसाचं मानधन नव्या मजल्याच्या कर्जाच्या व्याजाहून स्वस्त पडतं.

यानंतरही खाटा कमी पडत असतील तर जरूर वाढवाव्यात, पण आधी सिस्टरांचा हिशोब करून. एका जागेवर चोवीस तास एक सिस्टर हवी तर आठवड्याला 21 पाळ्या होतात. एक जण सहा पाळ्या करते, म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण, 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा धरली की आकडा साडेचार-पाचवर जातो. हे न पाहता वॉर्ड उघडला की रात्रपाळीला एकच सिस्टर 30 रुग्ण बघते. सलाइन कधी संपलं ते कळत नाही, औषधाच्या वेळा चुकतात, आणि सहा महिन्यांत अनुभवी सिस्टर नोकरी सोडतात. नवी येणारी त्याच रात्रपाळीत टाकली जाते.

प्राणवायूचंही तसंच. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर, म्हणजे 7000 लिटर वायू असतो. मिनिटाला 10 लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. असे दहा रुग्ण झाले की सव्वा तासाच्या आत सिलिंडर रिकामा. हवेतून प्राणवायू वेगळा करणारा प्लांट देणगीत मिळाला तरी त्याला अखंड वीज लागते आणि कोरडी, तेलविरहित हवा लागते. ड्रायर आणि फिल्टर वेळेवर बदलले नाहीत तर ओलावा झिओलाइटपर्यंत, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषून प्राणवायू वेगळा करणाऱ्या खड्यांपर्यंत पोचतो आणि शुद्धता 93 टक्क्यांवरून घसरत जाते. पाइपच्या टोकाला दाब नीट दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शुद्धतेचा मीटर रोज वाचून नोंदवावा आणि सिलिंडरची जोडणी राखीव ठेवावीच.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने कपडे-हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र. त्याच्या बाबतीत तर मला फारच कळकळीने सांगावंसं वाटतं. 121 अंश आणि 15 पौंड दाब हे सगळ्यांना पाठ असतं. शस्त्रक्रिया वाढल्या की मात्र त्याच ड्रममध्ये (कपडे ठेवायच्या भोकांच्या डब्यात) गाउन कोंबले जातात, आतली हवा निघत नाही आणि मधल्या घड्या थंडच राहतात. बाहेरून लावलेल्या टेपवर उष्णतेने काळे पट्टे उमटतात, त्यावरून आतलं काहीच कळत नाही. ड्रमची भोकं आत ठेवताना उघडी आणि बाहेर काढल्यावर लगेच बंद हवीत. वाफ पोचली की रंग बदलणारी दर्शक पट्टी गठ्ठ्याच्या मध्यभागी ठेवावी, आठवड्यातून एकदा चिवट जिवाणूंची कुपी आत ठेवून ते मेले का, ही चाचणी करावी. ओला निघालेला गठ्ठा परत फिरवावा, उन्हात वाळवून वापरू नये.

पैशाची गोष्ट शेवटी. इमारतीला आणि यंत्राला नाव देता येतं, म्हणून देणगी तिकडे जाते. पगाराला नाव देता येत नाही. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या 41अअ कलमाखालच्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ही योजना 1 सप्टेंबर 2006 पासून लागू आहे आणि ती योग्यच आहे. पण खरंच गरीब भागात असलेल्या रुग्णालयात 2 टक्के पुरत नाहीत. एका मोठ्या भाजलेल्या रुग्णात महिन्याचा निधी संपतो. सरकारी योजनेतल्या दाव्यांचे पैसे उशिरा येतात, औषधवाला मात्र आपल्या मुदतीवर अडून बसतो.

म्हणून नव्या मजल्यासाठी देणगी घेताना तिच्यातला एक ठरावीक भाग कायम निधीत टाकण्याची अट विश्वस्तांनी स्वतःच घालावी, तशी लेखी संमती देणगीदाराकडून घ्यावी आणि त्या निधीच्या व्याजातून फक्त सिस्टरांचे पगार व देखभालीचे करार भागवावेत. किमान तीन महिन्यांचा चालू खर्च बाजूला असल्याशिवाय उद्घाटनाची तारीख काढू नये.